गळा तिचा, गाणं कुणाचं?

मंगरूळपीरला बिरबलनाथ महाराजांची यात्रा असो, गणपतीचा मंडप असो, की शेलूबाजारच्या रस्त्याने निघालेली वरात. भोंग्यांच्या जागी डीजे आले, कॅसेटच्या जागी पेनड्राइव्ह आले, तरी गाण्यांच्या यादीतून एक आवाज हटत नाही. कोल्हापूरच्या मिरचीचा तिखटपणा सांगणारा, सोळाव्या वर्षाच्या धोक्याची सूचना देणारा, पाटलाची खुशाली विचारणारा हा आवाज. पन्नाशीच्या पुढचा माणूस लगेच सांगतो, ‘सुलोचना चव्हाण.’ विशीतल्या पोराला गाणं तोंडपाठ असतं आणि पडद्यावर नाचणारी जयश्री गडकरही एखाद्या वेळी ओळखू येते, पण गाणारी बाई कोण, हा प्रश्नच त्याला पडत नाही. यात पोराचा दोष नाही. गावरान गाणं गाणाऱ्या बाईचं नाव गाण्यापासून वेगळं पडावं, अशीच आपल्याकडची सगळी व्यवस्था होती आणि बरीचशी अजून आहे.

गंमत अशी, की ज्या आवाजाला साऱ्या महाराष्ट्राने खेड्याचा आवाज मानलं, तो मुंबईच्या गिरगावातल्या फणसवाडीत वाढला. सुलोचना कदम यांचा जन्म मार्च १९३३चा. घरात तमाशाची परंपरा नव्हती. होता तो गणेशोत्सवातला मेळा. घरच्या श्रीकृष्ण बाळमेळ्यात त्या लहानपणी उभ्या राहिल्या आणि पुढे नाटकांत बालभूमिकाही केल्या. गाणं कुणाकडे बसून शिकल्या नाहीत. ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकायच्या, तसंच म्हणून पाहायचं, हीच तालीम. वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी संगीतकार श्यामबाबू पाठक यांनी ‘कृष्ण सुदामा’ या हिंदी चित्रपटासाठी त्यांचा आवाज घेतला आणि फ्रॉकमधली ही मुलगी पार्श्वगायिका झाली. पुढची दहाएक वर्षं त्या मुख्यतः हिंदीत गात होत्या. महंमद रफी, मन्ना डे, शमशाद बेगम यांच्याबरोबर त्यांची गाणी आहेत. १९५१च्या ‘ढोलक’ चित्रपटात श्यामसुंदर यांनी त्यांच्याकडून गाऊन घेतलेली गाणी जुन्या हिंदी संगीताचे शौकीन अजूनही शोधून ऐकतात. ‘सुलोचना कदम’ या नावाने ऐकलेला तो मऊ, हळुवार आवाज आणि ‘सुलोचना चव्हाण’ या नावाने ऐकलेला ठसका एकाच गळ्यातला आहे, यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही.

दोन नावांच्या मधे एक लग्न आहे. ‘कलगीतुरा’ या चित्रपटाच्या लावण्या राजा बढे यांनी लिहिल्या होत्या आणि दिग्दर्शक होते श्यामराव चव्हाण. त्या लावण्या गाता गाता ओळख झाली आणि १९५३ साली लग्न. लावणी कशी म्हणायची हे आपल्याला नवऱ्याने शिकवलं, तेच आपले गुरू, असं सुलोचनाबाई आयुष्यभर सांगत राहिल्या. शिकवणं रागदारीचं नव्हतं. कुठला शब्द दाबायचा, कुठला सोडून द्यायचा, कुठे हसू आवाजात आणायचं आणि कुठे रुसवा, याची ती शिकवणी होती.

मग आलं १९६२. राजा ठाकूर यांच्या ‘रंगल्या रात्री अशा’ या चित्रपटाला संगीत होतं वसंत पवारांचं. त्यासाठी जगदीश खेबुडकर नावाच्या कोल्हापूरकडच्या शाळामास्तराने आपलं पहिलंवहिलं चित्रपटगीत लिहिलं. नावगाव विचारणाऱ्याला कोल्हापूरची मिरची दाखवणारी ती लावणी सुलोचनाबाईंनी गायली आणि त्यानंतर हिंदीचं दार त्यांनी फारसं ठोठावलं नाही. १९६४चा अनंत माने यांचा ‘सवाल माझा ऐका’, १९६५चा ‘मल्हारी मार्तंड’, मागोमाग तबकड्या, मग बैठकीचे कार्यक्रम. आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं आणि ते बिरूद नावाला कायमचं चिकटलं.

त्यांच्या गाण्यात नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला लावणीची घडण थोडी पाहावी लागते. फडावरची लावणी एकटीची नसते. ढोलकी, टाळ, तुणतुणं आणि मागे झील धरणारे असतात. ढोलकीची एक बाजू घुमते, दुसरी कडक वाजते, आणि ओळ संपली की वादक तुकडा वाजवून नाचणारीला मोकळं रान देतो. प्रत्यक्ष फडावर शब्दांचं निम्मं काम डोळे, भुवया आणि पदर करतात. तबकडीवर यातलं काहीच नसतं. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. त्या वेळात ढोलकीलाही जागा द्यायची, कोरसलाही द्यायची, आणि न दिसणारा डोळा ऐकणाऱ्याला दिसला पाहिजे. सुलोचनाबाईंनी तो सगळा अभिनय उच्चारात नेला. त्यांच्या लावणीत एकही अक्षर गिळलेलं सापडत नाही. ओळीच्या शेवटच्या शब्दाला त्या हलकासा झटका देतात आणि पुढच्या क्षणी आवाज असा सरळ करतात, की जणू काही बोललोच नाही. गायनाच्या परीक्षेत याला गुण नसतील, पण मराठी चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणातली ही फार मोठी कारागिरी आहे, आणि आशा भोसले यांच्यासारखी कोणत्याही वाटेवर चालणारी गायिका त्याच काळात लावण्या गात असताना सुलोचनाबाईंनी स्वतःचा वेगळा प्रांत राखला, हे त्या कारागिरीचंच बळ.

कार्यक्रमात मात्र त्या खांद्यांवरून पदर लपेटून, जागच्या जागी उभ्या किंवा बसून गात. हात फारसा हलत नसे. गाण्यातली बाई वेगळी आणि गाणारी बाई वेगळी, हे प्रेक्षकांना दिसलंच पाहिजे, असा जणू नियमच त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. लावणी घराघरांतल्या रेडिओवर पोचली ती या पदरामुळे, असं म्हणता येईल. पण त्या पदराची एक किंमतही होती. आपल्या सर्वांत गाजलेल्या गाण्यांमध्ये सुलोचना चव्हाण या बाईचं स्वतःचं आयुष्य एका ओळीनेही नाही. गाणं लिहिलं मास्तरांनी, चाल पवारांची, चेहरा नटीचा, मालकी निर्मात्याची आणि कंपनीची. बाईंचा फक्त गळा.

याच ठिकाणी सातासमुद्रापलीकडची एक बाई आठवते. अमेरिकेत खेड्यापाड्यांच्या गाण्याचा मोठा व्यवसाय आहे, त्याला तिथे कंट्री म्युझिक म्हणतात. लोरेटा लिन ही त्यातली राणी. जन्म एप्रिल १९३२, म्हणजे सुलोचनाबाईंहून वर्षभराने मोठी. मृत्यू ४ ऑक्टोबर २०२२. सुलोचनाबाई गेल्या १० डिसेंबर २०२२ला. दोघी एकाच काळात जगल्या आणि एकमेकींचं नावही त्यांच्या कानी आलं असेल असं वाटत नाही. लोरेटा केंटकी राज्यातल्या बुचर हॉलो नावाच्या डोंगरकपारीतल्या वस्तीत वाढली. बाप कोळशाच्या खाणीत मजूर, आठ भावंडं, पंधराव्या वर्षी लग्न, विशीच्या आत चार मुलं. नवऱ्याने तिला सतरा डॉलरची गिटार आणून दिली. १९६० साली तिची पहिली तबकडी निघाली, तेव्हा नवरा-बायको गाडीत तबकड्यांचे गठ्ठे घालून एका रेडिओ स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर गेले, रात्री गाडीतच झोपले, आणि निवेदकांच्या हातापाया पडून ते गाणं वाजवून घेतलं. १९६२ साली नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात तिला कायमची जागा मिळाली. तो कार्यक्रम १९२५पासून चालू आहे, आणि कंट्री गायकाच्या आयुष्यात तिथलं बोलावणं म्हणजे शिक्कामोर्तब.

दोघींची गाडी ओढायला नवरा होता आणि दोघींना नशिबाने हात दिला तो १९६२ सालीच. फरक पुढे सुरू होतो. लोरेटा स्वतः गाणी लिहीत असे. दारू पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याला ठणकावणारं गाणं तिने बहिणीबरोबर लिहिलं आणि १९६७ साली ते तिच्या क्षेत्रातल्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. तो नवरा कोण, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. खाणमजुराची लेक म्हणून स्वतःची ओळख सांगणारं तिचं गाणं १९७०मध्ये आलं. त्याच नावाचं आत्मचरित्र १९७६ला, त्याच नावाचा चित्रपट १९८०ला, आणि त्यात लोरेटाचं काम करणाऱ्या सिसी स्पेसेकला ऑस्कर. १९७५ साली तिने कुटुंबनियोजनाच्या गोळीवर गाणं गायलं, तेव्हा अनेक रेडिओ स्टेशनांनी ते वाजवायला नकार दिला. गाणं तरी गाजलंच. लिहिणारी, गाणारी आणि गाण्यातली बाई एकच असल्यामुळे गाण्याबरोबर तिचंही नाव मोठं होत गेलं. सुलोचनाबाईंचंही आत्मचरित्र आहे, ‘माझं गाणं, माझं जगणं’. पण ते गाण्यांच्या बाहेर, वेगळ्या पुस्तकात राहिलं.

लोरेटा नॅशव्हिलमध्ये गात होती त्याच १९६२च्या सुमारास एक तिसरी बाई हिमालयाच्या बाजूला होती. चीनच्या युद्धाच्या दिवसांत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर आपला फड घेऊन जवानांपुढे नाचल्या-गायल्या. त्यांचा जन्म १९३५चा, पंढरपूरचा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा तमाशा महाराष्ट्रभर गाजत होता आणि विठाबाईंना बाराखडीच्या आधी ढोलकीचे बोल ऐकू आले होते. पोट पुढे आलेलं असताना फडावर उभ्या राहिल्या, खेळ चालू असताना आत जाऊन बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे आल्या, ही हकीकत मराठी माणसाने इतक्या वेळा ऐकली आहे, की तिच्यातली भीषणता आता कुणाला टोचत नाही. त्या बाईला १९५७ आणि १९९०ला राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. १५ जानेवारी २००२ला ती हलाखीत गेली. २००६पासून राज्य सरकार तिच्या नावाने तमाशा कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देतं. सरकारचं हे शहाणपण नेहमीप्रमाणे चार वर्षं उशिरा आलं.

विठाबाईंच्या धंद्याचं गणित चित्रपटाहून फार वेगळं. पुणे जिल्ह्यातलं नारायणगाव ही तमाशाची पेठ. पाडव्याच्या आसपास तिथे फडमालक राहुट्या टाकून बसतात आणि गावोगावचे यात्रा समितीचे लोक येऊन सुपारी ठरवतात. मोठ्या फडात शंभर माणसं असतात आणि गाड्यांचा ताफा असतो, तो सगळा खर्च चैत्र-वैशाखाच्या जत्रांवर निघायचा असतो. एखाद्या वर्षी दुष्काळ पडला किंवा निवडणुकीची आचारसंहिता लागली, की हंगाम बुडतो आणि सावकाराची उचल अंगावर राहते. इथे गाण्याचे हक्क वगैरे प्रश्नच येत नाहीत. रात्र गायची, रात्रीचे पैसे घ्यायचे. दुसऱ्या टोकाला संगीतबारी, म्हणजे पेटी-तबला-ढोलकीवर होणारी लावणी. वाईच्या यमुनाबाई वाईकर या त्या परंपरेतल्या. कोल्हाटी समाजात जन्म, लहानपणी रस्त्यावर गाऊन मागणं, आणि मग अशी तयारी, की अदाकारीची लावणी घेऊन त्या कथकच्या बिरजू महाराजांबरोबरही मंचावर आल्या. पद्मश्री मिळाली २०१२ला, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. २०१८ साली त्या गेल्या तेव्हा शंभरी ओलांडली होती. सुलोचनाबाईंना पद्मश्री मिळाली २०२२ला, नव्वदीच्या उंबरठ्यावर. लावणी गाणाऱ्या बाईला दिल्लीचं पत्र येण्यासाठी आधी दीर्घायुषी व्हावं लागतं, असं दिसतं.

या सगळ्यात वऱ्हाड कुठे? मंगरूळपीरचा भाग १९५६पर्यंत मध्य प्रदेश राज्यात, त्याआधी मध्यप्रांत-वऱ्हाडात. फडाच्या तमाशाचं मूळ रान पुणे-सातारा-नगर-सांगली, आणि मराठी चित्रपटाच्या स्टुडिओचं गाव कोल्हापूर. त्यामुळे पडद्यावरचं खेडं कोल्हापुरी बोलायला लागलं आणि तेच साऱ्या महाराष्ट्राचं खेडं ठरलं. ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’ म्हणणाऱ्या माणसाला चित्रपटात बहुतेक वेळा हसण्यासाठी बोलावलं जाई, गाण्यासाठी क्वचितच. पण वाशिमकडच्या या मुलखात बाईच्या गाण्याला तोटा कधीच नव्हता. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत घराघरांत भुलाबाईची गाणी होत. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीच्या परिसरात बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी होते, त्यात बाया फेर धरून गातात. तुकडोजी महाराजांनी घरोघर नेलेलं खंजिरीचं भजन आहे. १४ एप्रिलला वस्त्यांमधून भीमगीतांच्या पार्ट्या रात्रभर गातात. यातलं बरंचसं गाणं बायांचं, पण करिअर म्हणावं असं त्यात त्यांच्या वाट्याला फार थोडं. भुलाबाईच्या गाण्याला खिरापत मिळते. सुपारी मिळत नाही.

अलीकडे चित्र हललं आहे, ते दोन वाटांनी. पहिली वाट दूरचित्रवाणीची. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटची वैशाली भैसने-माडे आधी मराठी आणि पाठोपाठ २००९चं हिंदी ‘सा रे ग म प’ जिंकली. २०१५च्या ‘बाजीराव मस्तानी’मधल्या पिंग्याच्या गाण्यात श्रेया घोषालबरोबर तिचा आवाज आहे. विदर्भातल्या लहान गावातून निघून हिंदी चित्रपटाच्या मधोमध उभं राहणं ही सोपी गोष्ट नाही. पण स्पर्धा जिंकण्यासाठी तिला सगळ्याच तऱ्हेची गाणी म्हणावी लागली, वऱ्हाडी गाण्याला त्या मंचावर वेगळी जागा नव्हती.

दुसरी वाट मोबाइलची. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारी घेऊन दारोदार गात होत्या. बाबासाहेबांवरच्या त्यांच्या गाण्यांचे व्हिडिओ लोकांनी फोनवर टिपले, ते पसरले आणि मोठमोठ्या सभांची निमंत्रणं यायला लागली. त्यांना कोणत्याही स्टुडिओने शोधून काढलेलं नाही, की परीक्षकाने गुण दिलेले नाहीत. आवाज थेट ऐकणाऱ्यापर्यंत गेला आणि चेहराही बरोबर गेला. सुलोचनाबाईंच्या काळात हे शक्यच नव्हतं. लोरेटाच्या तबकड्यांच्या गठ्ठ्याला आपल्याकडे जवळचं काही असेल तर हेच. मात्र व्हिडिओ टाकणारा कुणी दुसराच, आणि जाहिरातीचे पैसे जातात ते चॅनेलच्या मालकाला. गळा तिचा असला तरी खातं तिचं नसतं.

पैशाचा मुद्दा निघालाच आहे तर कायद्याकडे वळायला हवं, कारण नावाच्या प्रश्नाइतकाच हा मुद्दाही जुना आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. त्यात गीत लिहिणाऱ्याला हक्क होता, चाल बांधणाऱ्याला होता, तबकडी काढणाऱ्याला होता, गाणाऱ्याला नव्हता. चित्रपटासाठी गायलं की एकरकमी मानधन, पुढे ते गाणं लाख वेळा वाजलं तरी हिशेब संपला. लता मंगेशकरांनी साठच्या दशकात रॉयल्टीचा आग्रह धरला, त्यावरून महंमद रफींशी त्यांचं बिनसलं आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. लताबाईंचं वजन होतं म्हणून त्या भांडू शकल्या. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा खटला आला आणि निकाल चित्रपट निर्मात्यांच्या बाजूने लागला. त्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वेगळं टिपण जोडलं आणि भारतीय संगीतात गाणाऱ्याचा वाटा एवढा मोठा असूनही कायदा त्याला ओळखत नाही, याबद्दल नापसंती नोंदवली. संसदेला ते ऐकू यायला सतरा वर्षं लागली. १९९४च्या दुरुस्तीने कलावंताचा सादरीकरणावरचा हक्क पहिल्यांदा मान्य झाला आणि २०१२च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीत त्याला वाटा मिळाला. २०१३ साली गायकांची ‘इस्रा’ ही संस्था उभी राहिली, ती सभासदांच्या वतीने ही रक्कम गोळा करते. म्हणजे मिरचीची लावणी ध्वनिमुद्रित झाली त्यानंतर पन्नास वर्षांनी गाणाऱ्याच्या बाजूने कायदा पुरता उभा राहिला.

हक्क हातात असला तर काय होतं, याचं उदाहरण पुन्हा अमेरिकेतलंच आहे. डॉली पार्टन टेनेसीतल्या बारा भावंडांच्या गरीब घरातली. १९७४ साली तिचं निरोपाचं एक गाणं गाजलं. एल्विस प्रेस्लीला ते गायचं होतं. त्याच्या मॅनेजरने अट घातली, गाण्याचे निम्मे हक्क आम्हाला द्या. डॉलीने नाही म्हटलं. एल्विससारख्या माणसाला नाही म्हणून ती रात्रभर रडली, असं तिने नंतर सांगितलं, पण सही केली नाही. १९९२ला ‘द बॉडीगार्ड’ चित्रपटासाठी व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणं गायलं आणि ते जगभर वाजलं. हक्क डॉलीकडे होते.

हे वाचून मंगरूळपीरची एखादी गाणारी मुलगी म्हणेल, की डॉली कुठे आणि आपण कुठे. बरोबर आहे. भजनी मंडळात किंवा भीमगीताच्या पार्टीत गाणाऱ्या बाईचा प्रश्न रॉयल्टीच्याही अलीकडचा आहे: आपण गातो याचा पुरावा काय? राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे. २०२४पासून त्यात दरमहा ५,००० रुपये मिळतात. अर्जाबरोबर कलेच्या क्षेत्रात किती वर्षं घालवली याचे कागद लागतात: प्रमाणपत्रं, कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणं. पार्टीच्या मालकाचं नाव बॅनरवर असतं, ढोलकीवाल्याचंही असतं. बाईचं नाव ‘आणि सहकारी’मध्ये जातं. वीस-पंचवीस वर्षं गाऊनही हातात एक चिटोरं नसलेल्या बाईने कोणत्या खिडकीपुढे उभं राहायचं?

नाव लिहून ठेवलं तर किती फरक पडतो, हेही महाराष्ट्रातच सिद्ध झालं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवी कुणाची, गाव कोणतं, हे प्रत्येकीपुढे नोंदवलं. २०१७पासून ‘परी’ या संकेतस्थळावर त्या क्रमाक्रमाने येत आहेत. त्यामुळेच परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आज माहीत आहेत. आजारामुळे घराबाहेर पडून देवळाच्या आसऱ्याला राहिलेल्या या बाईने रचलेल्या आणि गायलेल्या ओव्या तिच्या नावानिशी टिकल्या. त्यासाठी कायद्याची दुरुस्ती लागली नव्हती, लागली होती एक टेपरेकॉर्डर आणि एक वही. वाशिमकडच्या भुलाबाईच्या गाण्यांसाठी, लेंगीसाठी आणि बायकांच्या भीमगीतांसाठी हे काम आजच्या फोनवर सहज होण्याजोगं आहे.

तेव्हा मंगरूळपीर तालुक्यातल्या मंडळांना, यात्रा समित्यांना आणि यूट्यूबवर चॅनेल चालवणाऱ्या पोरांना एवढंच सांगणं आहे. पत्रिकेवर आणि बॅनरवर गाणाऱ्या बाईचं पूर्ण नाव छापा. व्हिडिओखाली तिचं नाव, गाव आणि तारीख लिहा. बिदागी दिली की तिची पावती द्या आणि एक प्रत तिच्याजवळ राहू द्या. गाणाऱ्या बायांनीही व्हिडिओ टाकायला परवानगी देण्याआधी कमाईतला आपला वाटा विचारून घ्यावा, आणि तो कागदावर लिहून घ्यावा.